देव कोणत्या ढिगात

माझी नणंद यशश्री हिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझी चूक सांगते, म्हणजे नंतर कुणी मला ऐकवायला नको. तिच्या घरातले देव उचलून भंगाराच्या शेजारी मीच ठेवायला निघाले होते.

झालं असं. माझे सासरे जगदेवराव जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. बडोद्यात मांजलपूरची त्यांची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं आणि जूनअखेर घरं रिकामी करा अशी नोटीस आली. घरात यशुताई एकटीच राहत होती. ती वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरीला, म्हणून वाघोडिया रोडवर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेऊन तिकडे जाणार होती. तीन खोल्यांतला चाळीस वर्षांचा पसारा एका खोलीत कसा मावणार? म्हणून मी आणि माझा नवरा रणवीर आठ दिवसांची रजा टाकून पुण्याहून गेलो. मी शिस्तीची बाई आहे. काळ्या पिशव्यांची दोन बंडलं, मार्कर आणि चिकटपट्टी बरोबर नेली. पुढच्या खोलीत फरशीवर तीन कागद चिकटवले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.

मला वाटलं होतं, यशुताई एकेक वस्तू छातीशी धरून रडत बसेल आणि मला तिची समजूत काढावी लागेल. तशी तयारीही मी करून गेले होते. कसलं काय. पहिल्या दोन दिवसांत तिनेच मला दमवलं. सात छत्र्या, बाबांचे रेल्वे वर्कशॉपातले कपडे, दिवाळी अंकांचे गठ्ठे, दोऱ्या, फुटक्या बरण्या, लग्नाच्या पत्रिकांनी भरलेली आख्खी ट्रंक, सगळं टाकायच्या ढिगात. गेलेल्या सासूबाईंचं शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकलं. मी म्हटलं, "अहो ताई, जरा विचार करा." तर म्हणाली, "विचार करायला घेतला की हात थांबतो. तू पिशवी धर ने." बडोदेकरांचा 'ना' असाच 'ने' होतो.

तिसऱ्या दिवशी गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. यशुताईने कपाटातून स्वतःच्या लग्नातला शालू काढला. जांभळा, खऱ्या जरीचा. जिन्यात उभी राहून तिने त्या बाईशी अर्धा तास गुजरातीत हुज्जत घातली आणि शालूच्या बदल्यात एक झाकणाचं पातेलं घेऊन वर आली. माझा तर जीव वरखाली झाला. "अहो, खऱ्या जरीचा होता तो."

"त्या घरातून येताना मी एक चमचा आणला नव्हता दीप्ती," ती पातेलं घासत म्हणाली. "निदान हे पातेलं तरी आलं."

ते घर म्हणजे तिचं सासर. यशुताईचं लग्न सव्विसाव्या वर्षी झालं आणि तीन वर्षांत ती परत आली. का आली ते तिने कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. एक बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, मी परत जाणार नाही. बाबा म्हणाले, बरं, आत ये. एवढंच. नंतर नातेवाईकांनी बाबांचे कान खाल्ले, पण त्यांनी तिला त्यावर एक शब्द विचारला नाही. माणूस अबोल होता, पण त्या एका 'बरं'साठी मी त्यांच्या पाया पडत आले.

मग तिने नोकरी धरली. पंपाचे भाग तयार होतात त्या कारखान्यात ती तपासणी विभागात आहे. बावीस वर्षं झाली. समोर आलेला तुकडा मापाने तपासायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि पास की नापास ते सांगायचं. तिथे तिला सगळे यशुबेन म्हणतात. सुपरवायझर येऊन कानाशी लागला, की बेन, आजच्या दिवस जाऊ द्या, माल पाठवायचाय, तरी ती नापासचा पास करत नाही. असली बाई घर आवरायला बसल्यावर काय होणार, ते मला आधीच कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आवरायचा म्हणून फक्त देव्हारा राहिला. माझ्या हातात मार्कर, कमरेला पदर खोचलेला, आणि मी आपली झोकात विचारते, "ताई, हे कोणत्या ढिगात?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मार्करचं टोपण लावलं.

आमच्याकडे मूर्ती नाहीत, टाक आहेत. टाक म्हणजे अंगठ्याहून जरा मोठा चांदीचा पत्रा, त्यावर देव ठोकून उठवलेला असतो. आमचे पाच. खंडोबा-म्हाळसा, भवानी, जोतिबा, आणि घरातल्या दोन पूर्वजांचे. सासऱ्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोडेस्वार होते, तेव्हापासून घरात एकेक करून आलेले. पिढ्यानपिढ्या रांगोळीने घासून घासून इतके गुळगुळीत झालेत की लांबून पाच सारखे पत्रे दिसावेत. अकरा वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून रोज पहाटे त्यांना आंघोळ घालत होती यशुताई. कारखान्याची बस पकडायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी समरजितकाका आले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रावपुऱ्यात राहतात. पांढरा कडक शर्ट, मिशीला पीळ. मागून स्नेहलताकाकू, नेहमीसारख्या चार पावलं मागे. घरात एकच खुर्ची उरली होती, तीवर काका बसले. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही नाही, लाज वाटते सांगायला.

"देव रणवीरकडे जातील," काका म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

रणवीर माझ्याकडे बघायला लागला. आमचं घर सकाळी आठला बंद होतं ते रात्री आठला उघडतं. देवापुढे बॅटरीचा दिवा असतो, तोही मधूनच विझतो. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे रोजची पूजा होणार नाही. खोटं कशाला बोलू?"

"मग चांदोदला नेऊन नर्मदेत सोडायचे. पूजा होत नसेल तर पाण्यात सोडावेत, तशी रीत आहे."

"पूजा होत नाही कुठे?" यशुताई आतून म्हणाली. "अकरा वर्षं रोज होतेय."

"ती तू करतेस."

"हो ने. मग?"

काकांनी घसा खाकरला. "यशू, बेटा, समजून घे. तुझं कन्यादान झालं. तू दुसऱ्या कुळात गेलीस."

"आणि परत आले."

"माणूस परत येतं. कूळ परत येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांची औषधं, बाबांचं डायपर, बाबांचे दवाखाने, तेव्हा नाही कुणाला कूळ आठवलं. बाबा शेवटचे चार महिने अंथरुणावर होते तेव्हा हे काका रविवारी येऊन पेपर वाचून जायचे. आम्हीही काही फार वेगळे नव्हतो, महिन्यातून एक फोन आणि दिवाळीला दोन दिवस. तेव्हा सगळं घर यशूचं होतं. आता पाच पत्र्यांचा प्रश्न आला तर ती परकी. मी काकांना म्हटलं, "मग तुम्ही न्या तुमच्याकडे."

"एका देव्हाऱ्यात दोन खंडोबा चालत नाहीत. आम्ही भाऊ वेगळे झालो तेव्हा जुने टाक थोरल्याकडे राहिले, मी धाकटा म्हणून नवे करून घेतले."

"बरोबर," यशुताई पदराला हात पुसत बाहेर आली. "जुने थोरल्या अपत्याकडे, धाकट्याला नवे. रणवीर माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आहे. जुने माझ्याकडे राहतील. त्याला हवे असतील तर सोनाराकडून मी करून देते."

"रीत मुलांची आहे, मुलींची नाही," काका म्हणाले आणि रणवीरकडे वळले. "जा, आंघोळ करून ये. लाल फडकं आण. आजच चांदोदला जाऊ. वंशाबाहेर जाण्यापेक्षा देव पाण्यात गेलेले बरे."

आणि माझा नवरा, आयटी कंपनीत चाळीस माणसांचा साहेब, मुकाट्याने आंघोळीला गेला. मी कपाळावर हात मारला.  यशुताई भिंतीला टेकून उभी राहिली.

रणवीर ओल्या अंगाने देव्हाऱ्यासमोर बसला. काका म्हणाले, "आधी खंडोबा. मालक आधी उठतो, मग बाकीचे." रणवीरने पाच पत्र्यांवरून हात फिरवला आणि मधला उचलला. काकांकडे धरला. काकांनी चष्मा सारखा केला, पत्र्यावरचा झिजलेला घोडा बघितला, डोक्यावर टोपी ठेवली आणि दोन्ही हात जोडून मोठ्याने म्हणाले, "जय मल्हार."

"ते खंडोबा नाहीत काका," यशुताई म्हणाली. "ते तुमचे आजोबा आहेत."

मला हसू आवरेना. मी पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधायला लागले. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, खोकल्यासाठी नाही, ते मला चांगलं कळलं.

"घोडा आहे त्यावर," काका म्हणाले.

"पूर्वजांच्या टाकावरही घोडा असतो. खंडोबाच्या घोड्यावर दोघं असतात, मागे म्हाळसा. ती आता डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते." तिने रणवीरच्या हातातून टाक काढून घेतला आणि जागच्या जागी ठेवला. मग डोळे मिटून एकेकावर अंगठा फिरवत सांगत गेली. "ही भवानी, हिच्या हातांच्या रेघा माशाच्या काट्यासारख्या लागतात. हा जोतिबा. हे तुमचे पणजोबा. आणि हा खंडोबा, याच्या खालच्या कोपऱ्याला पोचा आहे. मी नऊ वर्षांची असताना माझ्या हातून पडला होता. बाबांनी कुणाला सांगितलं नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी आवाज खाली आणला, बायकांसमोर बोलू नये अशा विषयाला पुरुष आणतात तसा. "आणि ते महिन्याचे चार दिवस?"

"संपले काका. दोन वर्षं झाली. मी एक्कावन्नची आहे."

काकांचे कान लाल झाले. पण हटणारा माणूस नव्हे तो. त्यांनी शेवटचा बाण काढला, आणि तो खरंच वर्मी लागणारा होता. "ठीक. चंपाषष्ठीला तळी कोण उचलणार? तुझ्या घरात एक पुरुष नाही. तळी उचलली नाही तर त्या खंडोबाला घरात ठेवून उपयोग काय?"

तळी म्हणजे ताटात विड्याची पानं, खोबरं, सुपारी आणि भंडारा म्हणजे हळद घेऊन पाच जणांनी ते ताट देवासमोर तीनदा उचलायचं, येळकोट म्हणत. आमच्याकडे पाच पुरुष उचलतात, लहान मुलगा चालतो, बाई नाही. बायका ताट मांडून देतात आणि आत जातात. मी लग्न होऊन आले त्या वर्षीपासून हे बघत आले. मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं, पुरणपोळी करपू नये एवढीच काळजी असायची.

यशुताईचा चेहरा पहिल्यांदा उतरला. घर गेल्याचं तिला काही वाटलं नव्हतं, शालूचं नव्हतं, पण हे लागलं. तळी नाही तर देव नाहीत, आणि देव नाहीत तर ती कुणाचीच नाही, असं तिच्या तोंडावर सरळ वाचता येत होतं. तिने ओठ आवळले. मग म्हणाली, "देव माझ्याकडे राहतील. तळीचं माझं मी बघते."

"बघतेस काय? कारखान्यातून भाड्याने माणसं आणणार?"

"बघते म्हटलं ने काका."

काका रणवीरला म्हणाले, "तू बोल. तू घरचा मुलगा."

रणवीर अजून ओला, फडकं हातात. सोळा वर्षांच्या संसारात मी त्याला काकांसमोर तोंड उघडताना पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मला तर खंडोबा कोणता तेसुद्धा माहीत नाही काका. ताईकडेच राहू देत." आणि लगेच शर्ट घालायला आत पळाला. पण बोलला. तेवढ्यासाठी मी त्याला मघाचं माफ केलं.

काका उठले. "मग त्या घराचा उंबरा मी चढणार नाही," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. काकू मागून गेल्या. जाताना त्यांनी यशुताईच्या हाताला नुसता हात लावला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात यशुताई वाघोडिया रोडला गेली. एका छोट्या टेंपोत सगळं मावलं. देव्हारा मात्र त्यात टाकला नाही, रिक्षात मांडीवर घेऊन गेली. नव्या खोलीत पूर्वेच्या भिंतीवर तिने स्वतः ड्रिल मारून फळी बसवली. घरमालक ओरडायला आला तर म्हणाली, "भाई, देव बसवलाय, उतरवून दाखव." तो गेला निघून.

पुढचे पाच महिने फोनवर मी एकच गोष्ट विचारत होते. तळीचं काय? ती म्हणायची, चालू आहे तयारी. मला वाटलं, नाइलाजाने कारखान्यातले चार-पाच मराठी पुरुष बोलावणार असेल. नोव्हेंबर संपता संपता तिचा फोन आला. "दीप्ती, तू येतेस? बायको म्हणून नाही, सून म्हणून नाही. उचलायला."

 खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. शिकलेली असले म्हणून काय झालं, असल्या भीती शिकल्याने जात नाहीत. उद्या घरात कुणी आजारी पडलं तर मीच मनात म्हणणार, तळीला हात लावला होतास ना? हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही वाटते. म्हणून तर एकटी उचलत नाही." मग मी तिकीट काढलं.

चंपाषष्ठीला सकाळी आम्ही दोघी खंडेराव मार्केटला जाऊन वांगी आणि कांद्याची पात घेऊन आलो. भरीत केलं, बाजरीचे रोडगे केले. दहा वाजता कारखान्याच्या कॅन्टीनमधली गंगाबाई आली, जळगावकडची, देवाचं सगळं येणारी. मग यशुताईच्या शेजारच्या टेबलावर तपासणी करणारी जशोदाबेन आली. ती वाघोडियाची गुजरातण, तिला येळकोट म्हणता येईना. महिनाभर डबा खाताना यशुताईने तिच्याकडून घोकून घेतलं होतं, तरी ती दारातून आत येताना पुटपुटतच होती. पाचवी होती वरच्या मजल्यावरची मृदुला, तरुण पोरगी, हौसेने तयार झालेली. साडेदहाला तिचा नवरा खाली येऊन सांगून गेला, ती येणार नाही, आमच्या बाला, म्हणजे त्याच्या आईला, चालत नाही.

चारच उरलो. ताट मांडून तयार होतं. जशोदाबेन म्हणाली, "चार चालशे नहीं?" गंगाबाईने मान हलवली. पाचच लागतात. यशुताई ताटासमोर मांडी घालून बसली होती, हळद हातात. बारा वाजायच्या आत व्हायला हवं होतं. ती मला म्हणाली, "शेजारणींना विचारून येऊ?"  असा विनवणीचा सूर तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. समरजितकाका उतरले, मागून काकू. काकूंच्या हातात नारळ होता. काका उंबऱ्याबाहेर थांबले, आत बघितलं, चार बायका ताटाभोवती बसलेल्या बघितल्या, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. मला वाटलं, आता भडका. पण त्यांचा चेहरा मऊ झाला. मग त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चार आहात ने? सरक यशू. मी धरतो पाचवा. निदान एका पुरुषाचा हात लागू दे."

ते वाईट मनाने म्हणाले नव्हते, हे मी शपथेवर सांगते. म्हातारा एवढं मोडून आला होता. माझ्या मनात आलं, घे बाई, हो म्हण, सगळं गोड होईल. यशुताईने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या काकूंकडे.

"काकू," ती म्हणाली, "या, बसा."

काकू हलल्या नाहीत. काका म्हणाले, "ती कशी? तिने कधी उचलली नाही."

"बावन्न वर्षं ताट मीच मांडलंय," काकू म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "पानं मी पुसली, खोबरं मी फोडलं, हळद मी भरली. उचलायच्या वेळी मला म्हणायचात, जा, आत पोळी बघ. मला बावन्न वर्षं राग येतोय त्याचा."

त्यांनी नारळ काकांच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि ताटाची कड धरली. त्यांच्या हाताशेजारी माझा हात होता. 

ताट उचललं. जशोदाबेन चुकली, गंगाबाईने सावरून घेतलं, मी दुसऱ्या वेळेपर्यंत नुसती ओठ हलवत होते. सगळ्यांत वर आवाज गेला काकूंचा. तिसऱ्यांदा ताट वर गेलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. काका हातात नारळ घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, आत जायचं की बाहेर थांबायचं ते न कळून, आणि त्यांना बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं.